छोट्या विमानाने निघालात? आधी बॅग काट्यावर ठेवा

अमरावती, नांदेड, जळगाव किंवा पार लक्षद्वीपच्या अगत्तीला विमानाने जायचं ठरलं की ओळखीतले लोक मला फोन करून तिकीट कितीला पडेल ते विचारतात. मी उलट विचारते, "सामान किती आहे?" नोकरीची सगळी वर्षं मी सांताक्रूझला विमानाचं वजन आणि तोल मांडण्याच्या कामात, म्हणजे आमच्या भाषेत 'लोड अँड ट्रिम'मध्ये काढली. त्यामुळे माणूस दिसला की आधी 75 किलो दिसतात आणि मग नाव आठवतं. सवय आहे, वाईट वाटून घेऊ नका.

आडगावांना जाणाऱ्या छोट्या कंपन्यांचा कारभार मोठ्या कंपन्यांसारखा चालत नाही. विमानं मोजकीच. त्यातली बरीचशी पंख्याची, एटीआर 72 जातीची, सत्तरेक आसनांची. काही कंपन्यांकडे 50 किंवा 76 आसनांची एम्ब्रेअर जेट असतात. धावपट्ट्या आखूड, आणि बऱ्याच ठिकाणी काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच. हे धरून बेत आखलात तर प्रवास मजेत होतो. दिल्लीला निघाल्यासारखे निघालात तर मनस्ताप ठरलेला.

तिकीट काढताना

पहिली गोष्ट, विमान आज खरोखर चालू आहे का ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा. 'गेल्या वर्षी आमचे मेहुणे गेले होते' याला या धंद्यात किंमत नाही. जळगावला डिसेंबर 2017 मध्ये मुंबईहून 18 आसनी बीचक्राफ्ट सुरू झालं, ते टिकलं नाही. नंतर ट्रूजेट आली, ती 2022 मध्ये थांबली. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला उघडला, मुंबईहून एटीआर जायला लागलं, आणि तीन वर्षांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये ती सेवा बंद झाली. गणपतीला विमानाने जायची सवय लागलेले चाकरमानी पुन्हा रेल्वेच्या रांगेत.

ही तीन वर्षं कुठून आली ते समजून घ्या, म्हणजे कुठलंही नवीन विमान किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधता येतो. सरकारची 'उडान' योजना 2016 ची. तिचं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 ला शिमला-दिल्ली असं उडालं आणि त्याच दिवशी नांदेडही नकाशावर आलं. योजनेत साधारण निम्म्या आसनांचं भाडं बांधून दिलेलं असतं. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला ते 2500 रुपये होतं. कंपनीला जो तोटा होतो तो केंद्र आणि राज्य मिळून भरून देतात. केंद्राचा वाटा मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून घेतलेल्या आकारातून येतो, म्हणजे मुंबई-दिल्ली करणारा माणूस न कळत तुमच्या नांदेडच्या तिकिटाला हातभार लावत असतो. पण ही मदत तीन वर्षांचीच. मुदत संपली की कंपनी स्वतःच्या हिमतीवर चालवते किंवा गाशा गुंडाळते. म्हणून नवीन मार्ग सुरू झाल्याची बातमी वाचलीत की तारीख लक्षात ठेवा आणि त्यात तीन मिळवा. अमरावतीचा बेलोरा विमानतळ 16 एप्रिल 2025 ला सुरू झाला, मुंबईहून एटीआर जायला लागलं. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

स्वस्त आसनं मोजकीच असतात आणि आधी ती संपतात. लवकर काढा, एवढंच सांगेन. तुलनेच्या अॅपवर ही विमानं कधी दिसतात, कधी नाही. तिथे दिसलं नाही म्हणून 'विमानच नाही' असं समजू नका.

आणि तिकिटावरचा विमानतळ बघा. 25 डिसेंबर 2025 पासून मुंबईत दोन विमानतळ चालू आहेत. बीओएम लिहिलं असेल तर आपला जुना, त्यातही टर्मिनल एक की दोन ते वेगळं बघायचं. एनएमआय लिहिलं असेल तर उलव्याला जायचंय. पार्ल्याहून सांताक्रूझच्या हिशेबाने निघालेला माणूस उलव्याला वेळेत पोचत नाही, अटल सेतूवरून गेला तरी.

वजन

इथे जरा थांबते, कारण सगळे घोळ इथेच होतात.

गेल्या मे महिन्यात आमच्या मजल्यावरचे काका मुलीकडे अमरावतीला निघाले होते. सोबत देवगड हापूसची लाकडी पेटी, एक सुटकेस आणि जावयासाठी पितळी समई. मी जिन्यातच म्हटलं, "काका, पेटी एकटीच 15 किलोच्या वर जाईल."

"अहो ताई, घरच्या बागेतले आंबे आहेत, विकत थोडेच आणलेत!"

"विमानाला घरचा आंबा आणि बाजारचा आंबा सारखाच हो."

शेवटी दोन डझन आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यात गेले, समई राहिली आणि उरलेले आंबे आमच्या मजल्यावर वाटले गेले. यात माझा काहीही स्वार्थ नव्हता.

आता हिशेब बघा. पूर्ण भरलेलं एटीआर 72 उडताना जास्तीत जास्त 23 टनांचं असतं, त्यात विमानाचं स्वतःचं वजन आणि इंधनही आलं. प्रवाशांना आम्ही खऱ्या काट्यावर उभं करत नाही, ठरलेलं वजन धरतो. मोठ्या माणसाचे हातातल्या सामानासह 75 किलो, लहान मुलाचे 35, तान्ह्याचे 10. सत्तर माणसं म्हणजे 5250 किलो. प्रत्येकाचं 15 किलो सामान धरलं की आणखी 1050. झाले 6300. कागदावर बसतं.

मग अडतं कुठे? एक तर समोरच्या गावात इंधन मिळत नसेल तर परतीचंही मुंबईहून भरून न्यावं लागतं. हे विमान तासाला साडेसहाशे-सातशे किलो इंधन पितं. पावणेदोन तासांचं परतीचं अंतर असेल तर हजार-बाराशे किलो जादा, म्हणजे पंधरा-सोळा माणसांचं वजन. शिवाय हवा बिघडली तर दुसरीकडे वळायला पुरेल एवढं इंधन वेगळं. दुसरं, धावपट्टी. बऱ्या हवेत, समुद्रसपाटीला, पूर्ण भरलेल्या एटीआरला उडायला साधारण 1300 मीटर लागतात. मुंबईची मोठी धावपट्टी 3400 मीटरच्या वर, तिथे प्रश्नच नाही. चिपीची 2500, बेलोऱ्याची 1850. पण अगत्तीची जेमतेम 1200 च्या घरात. तिसरं, ऊन. हवा तापली की विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. जळगाव-अमरावतीला मे महिन्यात दुपारी 44 अंश असतात, तेव्हा तेच विमान सकाळी नेतं तेवढं वजन दुपारी नेईलच असं नाही.

तेव्हा काउंटरवरच्या मुलीने 'लोड रिस्ट्रिक्शन' म्हटलं तर ती थाप मारत नाहीये. अशा वेळी आधी माल उतरवतात, मग सामान मागे ठेवतात आणि अगदीच नाइलाज झाला तर प्रवाशांना 'कोणी आपणहून पुढच्या विमानाने जाल का' असं विचारतात. तुमची बॅग मागे राहून दुसऱ्या दिवशी येऊ शकते हे धरूनच भरा. औषधं, चष्मा, चार्जर, कपड्यांचा एक जोड, लग्नाला जात असाल तर दागिने आणि नेसायची साडी, हे सगळं हातातल्या पिशवीत. ही पिशवीही मऊ आणि लहान असू द्या. एटीआरचे डोक्यावरचे कप्पे छोटे असतात, टणक कवचाची, चाकांची ट्रॉली तिथे बसत नाही. ती शिडीपाशीच काढून घेतात आणि खाली उतरल्यावर देतात.

घरी वजन करायला दोनशे-तीनशे रुपयांचा हुकाचा काटा मिळतो. नाहीतर माणसाच्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहा, मग बॅग ठेवून उभं राहा. 15 किलोची मर्यादा असेल तर 14 भरा, कारण तुमचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं आपसात जमत नाही.

दोन बंधनं खास आपल्यासाठी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात मोडतं. आणि मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही. ते मोठ्या बॅगेत, बरणीला दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधून. बरणी फुटली तर तुमच्या बॅगेसोबत दुसऱ्या चार जणांच्या बॅगांना वास लागतो.

सांगितलेल्या आसनावरच बसा

मुंबईत पंख्याचं विमान सहसा लांब उभं असतं, बसने जावं लागतं. बसमधून उतरलात की आखलेल्या वाटेनेच चाला, सेल्फीसाठी पुढे वळू नका. एटीआरचं प्रवाशांचं दार मागे, शेपटीकडे असतं. पुढचं दार मालाचं. चढताना शेपटीखाली एक दांडा टेकवलेला दिसेल. सगळे एकदम मागून चढले की विमानाचं नाक वर उचललं जाऊ नये म्हणून तो असतो. आणि उजवीकडचं इंजिन चालू असल्याचा आवाज येतो पण पंखा स्थिर, हे बघून घाबरू नका. त्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन नुसतं वीज आणि थंड हवा देण्यासाठी चालवतात.

आसन निवडायचं असेल तर मागचं घ्या. पंख्यांच्या रेषेत पुढच्या काही रांगा येतात, तिथे घरघर आणि थरथर जास्त. मागे शांत, आणि उतरताना तुम्ही पहिले. बसायची सोय दोन इकडे, दोन तिकडे, त्यामुळे मधल्या आसनात चेंगरून बसायचा प्रश्नच नाही. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. मधल्या रांगेत बसलात तर चाकं पोटात जाताना आणि बाहेर येताना दिसतात, मुलांना ते फार आवडतं. पश्चिमेकडे उड्डाण असेल तर जुहूची वाळू पायाखालून जाते, मग विमान वळून घाटाकडे निघतं. पावसाळ्यात सकाळी सह्याद्री बघायला मिळाला तर फोन खाली ठेवा आणि बघा.

विमान अर्धं रिकामं असलं तरी मनाने जागा बदलू नका. हे मी कळकळीने सांगते. आमच्या काळी ट्रिम शीट हाताने भरायची. वर रिकाम्या विमानाचा आकडा, तिथून पेन्सिलने रेघ खाली ओढायची. पुढच्या कप्प्यात माल किती, त्याप्रमाणे रेघ डावीकडे सरकवायची. मागच्या रांगांत माणसं किती, त्याप्रमाणे उजवीकडे. असं करत करत रेघ खालच्या चौकटीच्या आत उतरली पाहिजे. आत उतरली तर विमान उडेल, चौकटीबाहेर गेली तर पुन्हा मांडणी. शेवटच्या क्षणी आलेल्या दोन माणसांसाठी कोपऱ्यात वेगळी जागा असायची आणि कॅप्टनची सही झाली की एक प्रत आमच्याकडे राहायची. आता हे संगणक करतो, पण हिशेब तोच. मोठ्या विमानात तुम्ही जागा बदललीत तर विमानाला कळतही नाही. इथे सहा जणांचं कुटुंब 'जरा एकत्र बसू' म्हणून मागून पुढे गेलं की सारा तोल बदलतो. एअर होस्टेसने एखाद्याला उठवून मागे बसवलं तर तो अपमान समजू नये.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर एक वेगळी तयारी. शिडीच्या पायऱ्या थोड्याच असतात पण उभ्या, आणि विमानातली वाट अरुंद. व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला किमान 48 तास आधी कळवा, आणि 'पायऱ्या चढता येतील का' या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. आजी घरात काठी टेकत चालतात म्हणजे पायऱ्या चढतातच असं नाही.

उशीर, पाऊस आणि रेल्वे

छोट्या कंपनीचं एकच विमान दिवसभर गावोगाव फिरतं, एसटीच्या लाल डब्यासारखं. सकाळी एका फेरीला तास लागला जादा की संध्याकाळच्या फेरीपर्यंत तो तास चिकटून राहतो, वाढतोही. आणि शेवटच्या गावी सूर्य मावळायच्या आत उतरता येत नसेल तर फेरीच रद्द. म्हणून निवड असेल तर दिवसातली पहिली फेरी घ्या. सकाळची हवाही शांत असते. दुपारी घाटावरून जाताना, विशेषतः एप्रिल-मे महिन्यात, गचके ठरलेले.

घरून निघण्याआधी फोनवर विमानं दाखवणारं अॅप उघडा. तुमच्या विमानाच्या नंबरावरून ते कुठून येणार आहे ते कळतं. ते अजून तिकडच्या गावातच उभं असेल तर तुमचं वेळेवर सुटणार नाही, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो. तरी काउंटर मात्र ठरलेल्या वेळेलाच, बहुतेक ठिकाणी 60 मिनिटं आधी बंद होतो, त्यामुळे 'उशीर आहेच' म्हणून घरी चहा पीत बसू नका.

पावसाचं गणित जास्त कडक. ज्या विमानतळावर उपकरणांच्या मदतीने उतरायची सोय नाही, तिथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. त्यासाठी 5 किलोमीटरची दृश्यता हवी. जुलैत कोकणच्या सड्यावर ढग उतरले की ती मिळत नाही. मग विमान घिरट्या घालतं, आणि दुसरीकडे वळतं किंवा आलं तसं मुंबईला परत येतं. वैमानिकाच्या नावाने ओरडू नका, तो शहाणपणाच करतोय.

पैशांचं असं आहे. एवढ्या कमी वेळाच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत मागता येतात. फेरी रद्द झाली तरी तेच. वर नुकसानभरपाईही आहे, तासाभराच्या आतल्या प्रवासाला 5000 रुपयांपर्यंत आणि एक ते दोन तासांच्या प्रवासाला 7500 पर्यंत. पण ढग, पाऊस, धुकं हे कारण असेल तर ती मिळत नाही. तेव्हा रद्द का झालं ते काउंटरवर लेखी मागा, निदान मेसेज तरी घ्या. भांडायचं असेल तर कागद हातात ठेवून भांडावं.

माझी स्वतःची पद्धत अशी की ज्या दिवशी पोचलंच पाहिजे अशा कामाला मी छोट्या विमानावर विसंबत नाही. लग्न रविवारी असेल तर शुक्रवारचं विमान. आणि त्याच मार्गाची रात्रीची गाडी मनात ठेवते. अमरावतीला अमरावती एक्सप्रेस, नांदेडला देवगिरी, कोल्हापूरला महालक्ष्मी, कोकणात कोकणकन्या किंवा तुतारी. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. परतीला पुढे परदेशाचं विमान असेल तर त्याच दिवशी जोडू नका, मुंबईत एक रात्र घाला. वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं असतील तर पहिलीच्या उशिराशी दुसरीला काही देणंघेणं नसतं.

अगत्तीला जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून कोची किंवा गोव्याला जाऊन पुढे छोटं विमान. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय तिकिटाचे पैसे अडकवू नका. बंगारम सोडलं तर बेटांवर दारूबंदी आहे. वर धावपट्टीचा आकडा सांगितलाच, तेव्हा सामान आणखी कमी. बेटावरची माणसं याच विमानाने कोचीच्या इस्पितळात जातात, पावसाळ्यात बोटी बेभरवशाच्या होतात तेव्हा तर हाच आधार. काउंटरवर कुणी रुग्णाला घेऊन उभं असेल आणि आसनं कमी पडत असतील तर आपण सुट्टीवर आहोत हे लक्षात ठेवून एक दिवस मागे सरकायची तयारी ठेवा. स्कॉटलंडमध्ये बारा नावाच्या बेटावर तर विमान थेट समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं आणि वेळापत्रक भरती-ओहोटी बघून लावतात. त्या मानाने आपली धावपट्टी निदान पाण्याखाली जात नाही.

उतरल्यावर

गावच्या विमानतळावर जी मुलगी काउंटरवर बॅगेला टॅग लावते, तीच थोड्या वेळाने दारात उभी राहून बोर्डिंग पास तपासते, आणि विमान अडलं तर चाळीस जणांची बोलणीही तीच खाते. तिच्याशी नीट बोला आणि जमलं तर तिथल्या काउंटरचा फोन नंबर मागून घ्या. परतीच्या दिवशी मुंबईच्या कॉल सेंटरपेक्षा तोच उपयोगी पडतो.

गाडी मात्र निघायच्या आदल्या दिवशीच ठरवा. बेलोरा काय, चिपी काय, गावापासून लांब आहेत. रिक्षावाले विमानाच्या वेळेला येतात आणि प्रवासी मिळाले की निघून जातात. बॅगेची वाट बघत तुम्ही शेवटचे राहिलात तर बाहेर फक्त पार्किंगवाला असतो, आणि त्याच्याकडे सायकल.